रिकाम्या खोलीच्या शोधात: कामठा ते इटियाडोह

गोंदियाला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात मला दोनच प्रश्न विचारले गेले. एक, "वाघ दिसला का?" आणि दुसरा, "तिकडे एवढं काय काम काढलंस?" वाघ दिसला नाही. आणि काम असं होतं की एका मुलीला नॉर्वेजियन भाषेतल्या जोडशब्दांवर जोर कुठे द्यायचा, ते समोर बसून शिकवायचं होतं. हे ऐकलं की माणसं आधी हसतात आणि मग विषय बदलतात. खुशाल हसा. मी हा प्रवास रागात सुरू केला, रागात संपवला आणि आता लिहायला बसले आहे तीही रागातच. ज्यांना शांत, रम्य प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. रम्य जागा वाटेत लागल्या, त्याला माझा इलाज नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही बरीच वर्षं नॉर्वेत काढली. परत आल्यावर तिथली भाषा डोक्यात नुसती पडून होती, म्हणून पुण्यातल्या एका संस्थेत शिकवू लागले. आपल्याकडच्या नर्सिंग झालेल्या मुली तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत पाठवायच्या, हा संस्थेचा धंदा. वर्ग सगळे पडद्यावर. त्यातच कामठ्याजवळच्या एका खेड्यातून यामिनी यायची. शेतकऱ्याची मुलगी, नर्सिंग पहिल्या वर्गात पास, आणि अभ्यासाला अशी चिवट की मीच कधीकधी तास बुडवावा असं मनात आणायचे आणि तिच्यामुळे लाज वाटायची. तोंडी परीक्षा पास झाली तर या तुकडीत तिची जागा पक्की होती. नापास झाली तर जागा दुसरीला, आणि पुढची तुकडी कधी निघेल ते संस्थेलाही ठाऊक नव्हतं. वडिलांनी सोयऱ्यांना "परीक्षेपर्यंत थांबा" असं सांगून आलेली स्थळं कशीबशी थोपवून धरली होती.

अशा मुलीबद्दल आमचे संचालक सराव परीक्षा ऐकून म्हणाले, "उच्चार गावंढळ आहेत. तिची मूळ बोलीच तशी, त्याला कोण काय करणार? मोठ्या शब्दांवरचा जोर चुकतो. हिला या खेपेला वगळू."

माझं डोकंच फिरलं. आधी तो जोर म्हणजे काय ते सांगते, म्हणजे माझा राग तुम्हालाही कळेल. नॉर्वेजियन माणूस दोन शब्द एकमेकांना चिकटवून तिसरा करतो. 'आजारी' आणि 'घर' मिळून सीकेहूस, म्हणजे दवाखाना. बोलताना मुख्य जोर पहिल्या शब्दावर येतो. दुसऱ्यावर त्याहून कमी, पण येतो. तो गिळायचा नाही. आणि शब्द तोडायचा तर दोघांच्या सांध्यावरच. चाकांच्या खुर्चीला रुल्लेस्तूल म्हणतात. 'रुल्ले' वेगळं, 'स्तूल' म्हणजे खुर्ची, ती वेगळी. आपल्या मुली हमखास 'रुल्लेस' आणि 'तूल' असे तुकडे करतात आणि वर जोर शेवटी टाकतात. आपल्याकडे पंगतीतल्या भातासारखं प्रत्येक अक्षराला सारखं वाढायची सवय. त्यामुळे हे सगळ्यांचंच चुकतं. सदाशिव पेठेतल्या मुलींचं चुकतं, कोथरूडच्या मुलींचं चुकतं. त्यांच्या चुका 'सुरुवातीच्या अडचणी' आणि यामिनीची चूक मात्र गावंढळ! आणि हे कोणत्या भाषेबद्दल? ज्या देशात मंत्रीसुद्धा आपापल्या खोऱ्यातल्या बोलीत भाषण करतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही, त्या देशाच्या भाषेबद्दल.

"परीक्षेच्या आधी मी स्वतः तिच्याकडे जाते," मी म्हटलं. "मग बघू कोण गावंढळ ते."

गोंदिया

दिवाळी नुकतीच झाली होती. स्टेशनाबाहेर पहिलं वाक्य कानावर पडलं ते हिंदी, दुसरंही हिंदी. रिक्षावाला हिंदी, पोहेवाला हिंदी. पोह्यावर त्याने चण्याची तर्री ओतली आणि मी "थोडी कमी" म्हणेपर्यंत पोहे दिसेनासे झाले होते. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात यामिनी आली, आणि बाईंना आपल्याला बघून भरून आलं असं तिला वाटलं. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

"म्याडम, तुमी खरंच आल्या!" ती म्हणाली. "बाबा म्हनून राहिले होते, पुन्याचे लोक कायले येतील एवढ्या दूर?"

पडद्यावर मान खाली घालून हळू आवाजात बोलणारी मुलगी इथे स्कूटीवर बसून रिक्षावाल्यांशी हिंदीत भांडत वाट काढत होती. वाटेत मी मागून एकेक शब्द ओरडायचे आणि ती वाऱ्यावर उत्तर द्यायची. ब्लूट्रिक, म्हणजे रक्तदाब. सीकेयेम, म्हणजे शुश्रूषागृह. एका फाटकाशी थांबलो तेव्हा शेजारच्या मोटारसायकलवरच्या काकांनी विचारलं, "कौन सी भाषा है ये, बेटी? तेलुगू?"

कामठ्याजवळ

धानाची कापणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, म्हणजे आपली भातखाचरं, मधूनमधून अजून उभं असलेलं सोनेरी धान, आणि बांधावरून डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या बाया. त्यातली एक डोक्यावर भारा आणि कडेवर पोर घेऊन चालली होती. मी यामिनीला म्हटलं, "हे बघ. जोडशब्द असाच बोलायचा. ओझं डोक्यावर, पण म्हणून कडेवरचं पोर खाली टाकायचं नाही." ती हसली. पण त्यानंतर तिने दुसरा शब्द गिळला नाही, हे मी कोणासमोरही शपथेवर सांगेन.

घर पोवारांचं. यांचे पूर्वज माळव्यातून आलेले, त्यामुळे घरात आपसांत बोलतात ती पोवारी, ना मराठी ना हिंदी. बाहेरच्याशी झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. या मुलीच्या जिभेवर नॉर्वेजियन आली ती सहावी. आणि आमचे संचालक दीड भाषा बोलतात.

वडील तेजलालजी कमी बोलणारे. आई निर्मलाबाई त्याची भरपाई करणाऱ्या. जेवणात भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी आणि वर मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. मी पोळी शोधतेय हे निर्मलाबाईंनी ओळखलं आणि माझ्या एकटीसाठी दोन पोळ्या लाटल्या. त्या मला गिळवेनात, कारण सगळं घर ती पुण्याची बाई पोळी कशी खाते ते बघत बसलं होतं.

जेवून मी म्हटलं, "जरा पडते." मला खोली दाखवली. पाठ टेकते न टेकते तोच यामिनीची काकू आत येऊन पायाशी बसली. "झोपा, झोपा," म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली. मग शेजारची एक म्हातारी आली. तीही बसली. कोणी बोलत नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या. मी यामिनीला बाहेर गाठून विचारलं, "यांना काही हवंय का माझ्याकडून?"

"नाई ना म्याडम. पाहुन्याले एकटं कसं ठेवाचं? बरं नाई दिसत."

नॉर्वेत बसमध्ये दुसरी रिकामी जागा असताना कोणी तुमच्या शेजारी बसलं, तर त्याचं डोकं बिघडलंय असं समजतात. इथे एकटं पडू दिलं तर घर बिघडलंय असं समजतात. दुपारभर मी डोळे मिटून पडून राहिले आणि मनातल्या मनात चडफडले.

संध्याकाळी अंगणात बसून सराव चालला असताना 'एनेरूम' हा शब्द आला. एका माणसाची खोली. तिकडे शुश्रूषागृहात प्रत्येक म्हाताऱ्याला ती मिळते, आणि तो त्याचा हक्क समजला जातो, असं मी सांगितलं.

निर्मलाबाई धान पाखडता पाखडता थांबल्या. "एकट्याची खोली? बिमार मानसाले? काऊन, त्यानं का केलं?"

"शिक्षा नाही हो ती. मान असतो."

"असन बापा," त्या म्हणाल्या. पटलं नाही हे सुपाच्या आवाजावरूनच कळलं.

दोनतीन दिवसांत यामिनीचे शब्द असे बसले की मी मुद्दाम खोट काढायला बसले तरी सापडेना. कितीही लांबलचक शब्द असो, ती सांधा बरोबर ओळखायची. मी रात्रीचं जेवण समाधानाने जेवले. आणि दुसऱ्या सकाळी संस्थेचा फोन आला, की परीक्षा घेणाऱ्यांनी दिवस बदलला आहे. नवा दिवस सांगितल्यावर घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या दिवशी गावची मंडई होती.

न गेलेल्यांसाठी सांगते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे सोयऱ्यांना एकमेकांकडे जाता यावं. गायगोधनाची ढाल, म्हणजे गुराख्यांचा सजवलेला उंच झेंडा, मिरवत निघते, दंडार हे इकडचं लोकनाट्य रंगतं, दुकानं लागतात, प्रत्येक घरी पाहुणे मावत नाहीत, आणि लग्नं जुळतात तीही बरीचशी इथेच. आणि परीक्षा घरूनच, पडद्यावर द्यायची, तिचा नियम असा, की खोली बंद हवी, खोलीत परीक्षार्थीशिवाय दुसरं माणूस नको, बाहेरचा आवाज नको.

मी संचालकांना फोन लावला. "त्या दिवशी इथे मंडई आहे. दिवस बदलून मागा."

"मंडई?" ते म्हणाले. "अहो, भाजी एक दिवस उशिरा आणली तर काय बिघडतं?"

मी फोन ठेवला, कारण पुढे मी जे बोलले असते ते निर्मलाबाईंच्या देवघरासमोर शोभलं नसतं. मग मी तेजलालजींकडे वळले. "मंडईच पुढे नाही का ढकलता येणार?"

"म्याडम," ते शांतपणे म्हणाले, "गावाची मंडई हाय. माह्या घरची थोडीच हाय?"

खरं होतं. तरी मला त्यांचाही राग आला. एवढं मोठं घर, एवढ्या खोल्या, आणि मुलीला तासाभरासाठी एक बंद दार मिळू नये?

पुन्हा गोंदिया

मग रिकामी खोली शोधणं सुरू झालं. कॉलेजला दिवाळीची सुट्टी, कुलूप. एका लॉजमध्ये खोली बघितली. मालक म्हणाला, "एकदम शांत एरिया है, मॅडम," आणि त्याच क्षणी खिडकीखालून मालगाडी गेली ती संपेचना. दुसऱ्या लॉजच्या मागे राईस मिल. तिसरीकडे खोली खरंच शांत होती, पण इंटरनेट फक्त जिन्यात चालायचं. मालकाने उदारपणे जिन्यात टेबल लावून देण्याची तयारी दाखवली.

यामिनीच्या एका मैत्रिणीने आपलं घर देऊ केलं. घर छान, इंटरनेट छान. पण आम्ही बघायला गेलो तर घरातली सगळी माणसं आमच्याभोवती येऊन बसली, चहा आला, चिवडा आला, आणि आजोबा यामिनीला म्हणाले, "परीक्षा दे बेटा, हम सब हैं ना यहाँ." मी कपाळाला हात लावला. अख्ख्या जिल्ह्यात एका मुलीला एकटं बसवायला जागा नाही! त्यापेक्षा नॉर्वेला जाऊन परीक्षा देणं सोपं.

शेवटी तेजलालजींनीच तोड काढली. त्यांची मावशी इटियाडोह धरणाच्या बाजूला राहते. तिच्या गावची मंडई होऊन गेलेली. नवरा गेलेला, मुलं नागपूर-रायपूरला. घरी ती एकटीच. आणि गावात टॉवर.

"एकटीच?" मी दोनदा विचारलं. माझ्या आवाजात एवढा आनंद होता की नंतर माझं मलाच कसंसं झालं.

इटियाडोहच्या वाटेवर

गोंदियाहून अर्जुनीपर्यंत पॅसेंजर आणि पुढे काळीपिवळी जीप. गाडीत एक बाई टोपलीभर शिंगाडे घेऊन चढली होती. तिने आम्हाला ओंजळभर दिले, पैसे घेतले नाहीत. तळ्यातले ताजे शिंगाडे सोलताना बोटं काळी झाली आणि काटा टोचला तो वेगळा. यामिनी दाताने टरफल काढत रुल्लेस्तूल, नाटबूर (म्हणजे उशाजवळचं टेबल), सीकेयेम घोकत होती. शिंगाडेवालीने थोडा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "मंतर हाय का?"

"हो," मी म्हटलं. "विमान उडवायचा."

धरणाचा कालवा लागला आणि हवा बदलली. इकडचं धान अजून हिरवं, उशिराचं. इटियाडोहचं पाणी दुपारच्या उन्हात लांबवर पसरलेलं, पलीकडे जंगलाची कड, माणसाचा आवाज नाही. मला नॉर्वेतल्या सरोवरांची आठवण आली, पण तिथे काठावर बसलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही. इथे पाच मिनिटांत एक गुराखी येऊन, कोणाच्या घरच्या, कुठे उतरल्या, जेवल्या का, अशी सगळी चौकशी करून गेला.

त्या मावशीचं, गिरजाबाईंचं घर कौलारू, सारवलेलं, समोर सपरी, म्हणजे आपली ओसरी, आणि मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, पेरूचं झाड. म्हातारी सपरीतच वाट बघत उभी होती. लोटाभर पाणी पायांवर घालून मगच आत घेतलं. यामिनीच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्याही फिरवला. "किती दिवसानं घरात मानसं आली," म्हणाली. तिने सकाळपासून वडे, घाऱ्या, खीर असं केलं होतं की घरात जणू लग्न निघालं होतं.

मी तिला समोर बसवून नीट समजावलं. उद्या यामिनी आतल्या खोलीत बसेल. दार बंद. पडद्यावर परदेशातल्या बाया प्रश्न विचारतील. तेवढा वेळ कोणी आत यायचं नाही, कोणी बोलायचं नाही. आवाज झाला तर परीक्षा रद्द, नोकरी गेली.

"कोनी नाई येत," गिरजाबाई म्हणाली. "माह्या घरी येतेच कोन? कोनी आलाच तर मी हाकलून देतो त्याले."

ती खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळपासून काठी घेऊन सपरीत बसली. दूधवाल्याला हाकललं, एका कुत्र्याला हाकललं, आणि गावच्या सरपंचाला "मंग या" म्हणून फाटकातूनच परत पाठवलं. मला तिचं फार कौतुक वाटलं.

परीक्षा

वेळ झाली. यामिनीने कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला. चारी भिंती, पलंग, पुढचं दार, मागचं लोटलेलं दार. मी सपरीत खिडकीशी बसले. गिरजाबाई थोडा वेळ माझ्याशेजारी होती. मग चहाचं बघते अशी खूण करून बाजूने मागे गेली.

आतून यामिनीचा आवाज येत होता. आधी उतारा वाचायचा होता, आणि तो रचणाऱ्याने मनात काही डाव धरला असावा, कारण ओळीओळीला जोडशब्द. मी डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक शब्द सांध्यावर तुटत होता, पहिल्यावर भार, दुसरा शाबूत. रुल्लेस्तूल तर असा आला की ऑस्लोच्या ट्रॅममध्ये ऐकावा. माझ्या हाताच्या मुठी आपोआप वळल्या. संचालक इथे असायला हवे होते. त्यांना या सपरीत उभं करून ऐकवायला हवं होतं.

मग चित्रावरचे प्रश्न आले. परीक्षक बाईंनी विचारलं, आणि मी इथे मराठीत सांगते आहे, की या चित्रातल्या आजीबाई एनेरूममध्ये राहतात. त्या पुन्हा पुन्हा घंटी वाजवतात, पण त्यांना दुखत काही नसतं, औषध नको असतं. तू काय करशील?

"मी जाऊन त्यांच्याजवळ बसेन," यामिनी म्हणाली. "बोलल्या तर बोलेन. नाही बोलल्या तर नुसती बसेन. त्यांना कोणीतरी जवळ हवं असेल."

"फार छान," बाई म्हणाल्या. आणि मग थांबल्या. एवढ्या थांबल्या की मला वाटलं इंटरनेट गेलं.

"तुझ्या मागे कोण बसलं आहे?"

मी उठून खिडकीतून पाहिलं. यामिनीच्या पाठीमागे, जमिनीवर, भिंतीला टेकून गिरजाबाई बसली होती. मांडीवर झाकलेली ताटली. ओठांवर बोट, म्हणजे आपण मुळीच बोलत नाही आहोत हे सगळ्यांना कळावं. मागच्या दाराची कडी स्वयंपाकघराच्या बाजूला होती. तिला आत यायला कोणाला विचारायचं होतं?

यामिनीने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा मला दिसला नाही. पण तिचा आवाज हलला नाही.

"ही माझी आजी आहे," ती नॉर्वेजियनमध्ये म्हणाली. "हे तिचं घर आहे. मी पाहुणी आहे. आमच्याकडे पाहुण्याला एकटं बसू देत नाहीत. तिला ही भाषा येत नाही. तिने मला काहीही सांगितलेलं नाही."

"मला कळतं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना कळत होतं, हेच मला जास्त लागलं. "पण खोलीत दुसरी व्यक्ती असेल तर परीक्षा थांबवावी लागते. तुझं बोलणं खूप चांगलं होतं. पुढच्या वेळी अर्ज कर."

माझ्याने राहवेना. मी दार उघडून आत गेले आणि पडद्यासमोर उभी राहून जे सुचेल ते बोलले. तुम्ही आताच तिला विचारलंत, एकट्या म्हातारीचं काय करशील. तिने सांगितलं, जवळ बसेन. तुम्ही फार छान म्हणालात. आणि एक एकटी म्हातारी येऊन तिच्याजवळ बसली तर परीक्षा रद्द! हा नियम कोणी केला? ज्याच्या घरात माणसं कमी आणि खोल्या जास्त, त्यानेच केला असणार.

परीक्षक बाईंनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी नम्रपणे दाखवून दिलं की आता खोलीत दोन जादा व्यक्ती आहेत. आणि पडदा काळा झाला.

गिरजाबाई हलकेच म्हणाली, "झालं का? मी काई बोलली नाई ना?"

"कोणी आत यायचं नाही असं मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी ओरडलेच.

ती गोंधळली. "पन कोनी आलाच नाई ना. मी तं घरचीच हाय. पोरगी एकटीच त्या डब्ब्यासमोर बोलून राहिली होती, घाम आल्ता तिले. पाठीशी कोनी नको का?"

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात यामिनीने माझा हात घट्ट धरला. "म्याडम, तिले सांगू नका," ती दाबलेल्या आवाजात म्हणाली. "तिच्यानं झालं हे तिले समजलं तं ती मरून जाईन." मग तिने आजीच्या मांडीवरची ताटली घेतली, झाकण काढलं, जमिनीवर तिच्याशेजारी बसली आणि घारी खाऊ लागली. "झालं आजी. मस्त झालं." एक घास, दुसरा घास. डोळे कोरडे होते. तिसऱ्या घासाला ती खोकली, आणि आजीने तिच्या पाठीवर थोपटलं.

मी सांदवाडीत जाऊन संचालकांना फोन केला. त्यांना बातमी पोचली होती. "मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं," ते म्हणाले.

"उच्चारातली एक चूक काढून दाखवा. एकच."

"उच्चार उत्तम होते, असं परीक्षकही म्हणाले. पण शेवटी घरचं वातावरण, संस्कार..."

"उद्यापासून तुमच्या संस्कारी मुलींना तुम्हीच शिकवा," मी म्हटलं. नोकरी सोडायला यापेक्षा चांगली जागा मला मिळाली नसती. एक कोंबडी आणि पेरूचं झाड साक्षीला होतं. त्याने यामिनीची जागा काही परत आली नाही. ती दुसरीला गेली. आता तिला मी माझ्या घरून शिकवते. पुढची तुकडी निघेल तेव्हा निघेल. स्थळं आणखी किती दिवस थोपवता येतील ते तेजलालजींना माहीत.

परतताना

सकाळी गिरजाबाई आम्हाला काळीपिवळीपर्यंत पोचवायला आली. नवं लुगडं नेसली होती. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होती, आमची पोरगी विलायतेची परीक्षा देऊन राहिली होती, गोऱ्या बाया तिला प्रश्न पुसून राहिल्या होत्या, आणि आपण डोळ्यांनी पाहिलं. ज्या सरपंचाला फाटकातून परत पाठवलं होतं त्यालाही बोलावून सांगितलं. यामिनी प्रत्येक वेळी हसून मान हलवत होती. मीही हलवत होते. मला त्याचाही राग येत होता.

गाडी सुटायच्या वेळी ती माझ्या खिडकीशी आली. पदराच्या गाठीतून काढून तिने दोन पेरू माझ्या हातात ठेवले आणि माझं मनगट धरून ठेवलं.

"बाई, तुमाले त्याइची बोली येते," ती म्हणाली. "तं त्या गोऱ्या बाईले माह्याकडून येवढं सांगजा. म्हना, आमची पोरगी एकटी नवती."